कंटेनरच्या टपावरचं जेवण

लॉकडाउनच्या पहिल्याच आठवड्यात पुनावळ्याच्या त्या सोसायटीत दोन ठराव झाले. अत्यावश्यक सेवेतल्या माणसांचं मनापासून कौतुक करावं, हा पहिला. त्यांना गेटच्या आत घेऊ नये, हा दुसरा. दोन्ही एकमताने मंजूर झाले आणि सेक्रेटरी अण्णासाहेबांनी दोन्ही सारख्याच उत्साहाने राबवले.

अशी सेवा करणारा माणूस सोसायटीत एकच होता. दौलतराव मूळचा लातूरकडचा, चाकणला कंटेनर चालवायचा. उमर गाड्यांचे सुटे भाग वाहण्यात गेली. आता कारखाने बंद, म्हणून सलाइनच्या बाटल्यांची खोकी घेऊन इंदूर-नागपूर करत होता. बाहेरून आलेल्याने चौदा दिवस बाहेर काढायचे, असा नियम. त्याचे चार दिवस भरले की पुढची खेप लागायची आणि परतल्यावर मोजणी पुन्हा एकपासून. वाटेतले ढाबे बंद. केबिनमध्ये स्टोव्हवर खिचडी शिजवून तो इतका विटला होता, की तिचा वास आला तरी आपल्याला ताप आहे असं त्याला वाटायचं. बायको-पोरीसमोर बसून तव्यावरची भाकरी खायची, एवढीच इच्छा उरली होती.

तोड बायकोने, विजयश्रीने काढली. त्यांचं घर पहिल्या मजल्यावर, बाल्कनी मागच्या रस्त्याकडे. कुंपणाची भिंत आणि इमारत यांच्यात सोडायची तेवढी जागा बिल्डरने सोडली नव्हती, म्हणून सोसायटी त्याला सहा वर्षं शिव्या घालत होती.

"अहो, गाडी भिंतीला लावा," ती फोनवर म्हणाली. "टपावर बसलात की आमच्या समोरच."

"क्लीनर गावाकडं गेलाय. भिंतीला घासली तर मालक मला घासंल."

"मी हाय की."

गाडी लावताना क्लीनर मागे उभा राहून पत्र्यावर थापा मारतो. दोन थापा म्हणजे येऊ दे, एक म्हणजे थांब. लग्नानंतरची पहिली दिवाळी विजयश्रीने केबिनमध्येच काढली होती, तिला हे शिकवायला नको होतं. संध्याकाळी कंटेनर मागच्या रस्त्यावर आला. तिने लाटणं घेतलं आणि बाल्कनीच्या लोखंडी कठड्यावर दोन ठोके दिले.

ते सगळ्या इमारतीने ऐकले. थाळ्या वाजवायचा कार्यक्रम पुन्हा जाहीर झाला आणि आपल्यालाच कळलं नाही, अशी प्रत्येक घराला शंका आली. वरचे काका पातेलं घेऊन धावले, त्यांच्या वरच्यांनी परात आणली. तिसऱ्या मजल्यावर अण्णासाहेब देवघरातली घंटा घेऊन उभे राहिले. कशासाठी वाजवायचं, हे कुणी विचारलं नाही. विचारणारा मागे पडला असता.

स्टिअरिंगवर दौलतरावाला घाम फुटला. "हे कशाला वाजवाल्यात?" तो फोनवर ओरडला. "एक का दोन?"

"थांबा, थांबा, लागंल!"

तो थांबला. भिंत वीतभर राहिली होती. खाली उतरून पाहतो तर चार मजले आपल्याकडे बघून भांडी बडवतायत. त्याने सगळ्यांना नमस्कार केला आणि टपावर चढला. तेव्हा कुठे आवाज हळूहळू थांबला.

"दौलतराव, तुम्ही आत आलात," अण्णासाहेब वरून म्हणाले.

"न्हाई साहेब. भिंतीच्या भाईरच हाय."

अण्णासाहेबांनी वाकून पाहिलं. ठरावात शब्द 'गेटच्या आत' असे होते, आणि ते त्यांनीच लिहिले होते. अंतरही सहा फुटांच्या वर होतं. शिवाय हातात अजून घंटा होती. जिच्या तालावर माणसाचा सत्कार केला, तीच धरून त्याला हाकलणं बरं दिसलं नसतं.

"असू द्या," ते म्हणाले. "पण भाकरी कोरडीच टाका. कालवण भिंतीवर सांडायला नको."

विजयश्रीने पहिली भाकरी टाकली ती त्याने झेलली. कालवणाचा डबा कपडे वाळत घालायच्या काठीला अडकवून पुढे केला. अण्णासाहेबांनी त्या वेळी दुसरीकडे पाहिलं. चार वर्षांची पिंकी कठड्याच्या गजांतून पाय बाहेर सोडून जेवायला बसली आणि महिन्याभराच्या तक्रारी सांगू लागली. त्यातल्या बऱ्याचशा आईबद्दल होत्या. दौलतराव चौथ्या भाकरीपर्यंत "हां, मग?" एवढंच म्हणत होता.

"जेवण झालं का, दौलतराव?" अण्णासाहेबांनी विचारलं. सहा वर्षांत सोसायटीत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

"चाललंय साहेब. या जेवायला."

"आलो असतो हो," अण्णासाहेब म्हणाले, "पण गेटच्या बाहेर पडायला बंदी आहे."