उचललेलं चाक

त्या दिवशी बाबा सकाळपासून खुशीत होते आणि मी सकाळपासून कुरकुरत होते. म्हणजे एरवीसारखाच दिवस होता.

तीस वर्षं बाबांनी दुसऱ्यांसाठी जुन्या गाड्या निवडल्या. साध्या नव्हे, डोंगर चढणाऱ्या, चारही चाकांना ताकद असलेल्या. उतारावर शेती असलेले, जमीन मोजणारे, खाणीवर कामाला जाणारे लोक गाडी घेण्याआधी त्यांना सोबत नेत. बाबा गाडीभोवती एक फेरी मारत, मग पोतं अंथरून जमिनीवर आडवे होत. त्यांना गाडी खालून कळायची. पोटाला ताजा काळा रंग दिसला की म्हणायचे, "चला, काय लपवलंय ते बघू." तेलाचं बूच उघडून थेंबभर तेल दोन बोटांत चोळायचे आणि डोळे मिटून धातूचा कण लागतो का ते पाहायचे.

या वेळी गाडी त्यांची स्वतःची असणार होती. नोकरीतून ते नुकतेच निवृत्त झाले होते. साठी उलटल्यावर डोंगर कसले चढताय, असं आई महिनाभर म्हणत होती. एकटे जायचं नाही या अटीवर ती कशीबशी तयार झाली आणि मला त्यांच्याबरोबर पाठवलं.

विक्रेत्याने गाडी एका डॉक्टरांची असल्याचं सांगितलं. घर ते दवाखाना, बास. बाबा माझ्या कानाशी आले. "सगळ्या जुन्या गाड्या डॉक्टरांच्याच असतात. एवढे डॉक्टर असते तर या शहरात कोणी खोकलंसुद्धा नसतं."

मी हसले नाही. मी ऑफिसच्या कपड्यांत होते आणि छापखान्यातून सारखे फोन येत होते. पुस्तक छापायला जाण्याआधी ते शेवटचं वाचणं, हे माझं काम. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो.

डिफरन्शियल म्हणजे काय, हे बाबांनी मला दहाव्या वर्षी जेवणाच्या टेबलावर शिकवलं होतं, डब्याची दोन झाकणं आणि एक पेन्सिल घेऊन. वळणावर बाहेरचं चाक जास्त धावतं, आतलं कमी. दोघांना आपापल्या वेगाने फिरू देणारी ही सोय. पण एक चाक चिखलात रुतलं किंवा हवेत गेलं की हीच सोय उलटते. सगळी ताकद त्या रिकाम्या चाकाकडे पळते आणि जमिनीवरचं चाक हातावर हात ठेवून बसतं. तेव्हा लॉक लावायचं. मग दोन्ही चाकं एकमेकांना बांधल्यासारखी फिरतात आणि गाडी वर निघते.

लॉक लागलं की चालकासमोर नारिंगी दिवा लागतो. बाबांचा दिव्यावर विश्वास नव्हता. दिवा बटणाला विचारून लागतो, चाकाला विचारून नाही, असं ते म्हणत. म्हणून त्यांची रीत ठरलेली होती. गाडी न्यूट्रलमध्ये, पुढच्या चाकांना दगड, मागचं एक चाक जॅकवर. एकाने आत बसून बटण दाबायचं, दुसऱ्याने ते उचललेलं चाक दोन्ही हातांनी नेट लावून फिरवायचं. अडलं तर लॉक खरं. फिरलं तर गाडी तिथेच सोडून घरी यायचं.

बाहेरचं काम नेहमी बाबांचं असायचं. त्या दिवशी त्यांनी चाक उचललं, हात पुसले आणि म्हणाले, "आज मी आत बसतो. तू फिरव." त्यांना स्वतःच्या गाडीत बसून बघायचं होतं. सीट मागेपुढे करताना, आरसा वळवताना ते मला काचेतून दिसत होते. माझा फोन वाजत होता. चाकाला ओला चिखल होता आणि खाली तेलाचं थारोळं. मी वाकले, फोन खांद्याने कानाशी धरला आणि एक तळहात टायरवर टेकवला.

"फिरतंय का?" बाबांनी बटण दाबून आतून विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी मला कधीच कुठली गोष्ट दुसऱ्यांदा विचारली नव्हती.

गाडी घेऊनच आम्ही घरी आलो. संध्याकाळी जेवताना आईने त्यांना खोदून खोदून विचारलं. नीट बघितली ना? स्वतःची म्हणून सोडून तर नाही ना दिली? बाबा म्हणाले, "अगं, सगळं बघितलं. चाकसुद्धा उचलून बघितलं." आणि माझ्याकडे पाहिलं, साक्षीदाराकडे बघतात तसं. मी भाजी वाढून घेत होते. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना ते एकटेच गाडी घेऊन गेले. आईला म्हणाले, तासाभरात येतो. वरच्या खिंडीकडे जाणारा चपट्या, सुट्या दगडांचा एक मोडका रस्ता होता. लोकांच्या गाड्या ते तिथेच नेऊन बघायचे. गटार साफ करणाऱ्या माणसांनी त्यांना पाहिलं होतं. त्यांनी नंतर सांगितलं की गाडी चढावर थांबली, एक चाक नुसतंच गरगरत होतं. आतल्या माणसाला घाई नव्हती. तो खाली वाकला, काहीतरी दाबलं, समोर पाहिलं आणि पुन्हा गाडी पुढे घातली. तेच चाक पुन्हा गरगरलं, गाडी आडवी झाली आणि कड्यावरून खाली गेली.

समोर पाहिलं, असं ते म्हणाले. समोर दिवा होता.

गाडी पुढे बाबांच्या जुन्या मित्राच्या गॅरेजमध्ये आली. लहानपणापासून मी त्यांना ग्रीसकाका म्हणते. त्यांनी मला आतल्या वस्तू न्यायला बोलावलं. दुपारची वेळ होती, पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे गोल ठिपके चेपलेल्या टपावर पडले होते. सीट बाबांनी बसवली होती तिथेच होती, त्यांच्या पायांच्या मापाने. काकांनी तपासायला बॅटरी जोडली, किल्ली फिरवली, आणि समोर नारिंगी दिवा लागला.

कोणी काही दाबलं नव्हतं. बटण आधीपासूनच आत होतं. बाबांनी दाबलेलं, तसंच.

काका गाडीखाली गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात चिकटपट्टी गुंडाळलेली एक वायर होती. लॉकपर्यंत जाणारी वायर कोणीतरी कापली होती आणि दिवा थेट बटणाला जोडून दिला होता. आतलं लॉक केव्हाच मोडलेलं होतं.

"चाक उचललं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं," काका म्हणाले. "दुसऱ्याच्या गाडीला यानं कधी सोडलं नाही. स्वतःच्या गाडीवर भाळला बघ."

मी बाबांचा चष्मा आणि पोतं घेऊन बाहेर आले.

काकांनी आईलाही सांगितलं. तिला बरं वाटावं म्हणून, विक्रेत्याने फसवलं म्हणून. आई शांतपणे ऐकत होती. मग तिने एवढंच विचारलं, "मग चाक उचलून बघितलं म्हणाले ते?" काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

त्या दिवसापासून आई रडायची थांबली. मला आधी वाटलं, सावरली. पण ती हिशेब लावल्यासारखी मागे मागे जात होती. गेल्या वर्षी डॉक्टरांनी छाती ठणठणीत आहे म्हणून सांगितलं, असं बाबा म्हणाले होते. डॉक्टर खरंच तसं म्हणाले होते का? सिगरेट सोडली ती खरंच सोडली होती का? जुनं घर विकताना मला काही वाटत नाहीये म्हणाले, तेही असंच का? ती हे मला विचारायची, भांडी पुसताना, कपडे घडी करताना, सहज. छत्तीस वर्षांचा संसार ती शेवटच्या पानापासून उलटा वाचत होती आणि प्रत्येक ओळीखाली रेघ मारत होती.

"शेवटचं धड बोलणं आमचं तेच," ती एकदा म्हणाली. "आणि तेही खोटं."

मी समोर बसले होते. तोंड उघडलं आणि चहा घेतेस का, असं विचारलं.

फिरणारी कुठलीही गोष्ट मला आता सहन होईना. वीज गेली की पंखा मंदावत जायचा आणि तो थांबायच्या आत बाबा आतून विचारायचे. आवाज नसायचा, पण विचारलेलं कळायचं. धुण्याचं यंत्र, फिरतं दार, पोरांनी रस्त्यात उलटी टाकलेली सायकल. मी उत्तर द्यायचे, नाही. दर वेळी नाही. ऑफिसात मी एकेक ओळ तीन तीनदा वाचू लागले. साहेब हसून म्हणाले, तुमच्या हातून आता स्वल्पविरामही सुटत नाही. तळहात मी धुवत राहायचे. टायरवरच्या खाचा त्यावर उमटल्या नव्हत्या, तेवढा जोरही मी दिला नव्हता.

बाबांचा फोन आईने बंद केला नव्हता. रोज चार्ज करायची. त्यावर अजून लोकांचे फोन यायचे, एक गाडी बघायला याल का म्हणून. आई सांगायची, ते नाहीत. पलीकडून विचारायचे, मग कधी येतील? तेव्हा ती फोन माझ्याकडे द्यायची.

गेल्या रविवारी सकाळी आम्ही दोघी ओट्याशी होतो. तिने हात ओले म्हणून फोन स्पीकरवर लावला. एक बाई होती, गुरांची डॉक्टर. वरच्या वस्त्यांवर फिरते. बाबांनी दोन वर्षांपूर्वी तिला गाडी निवडून दिली होती. बाबा गेल्याचं तिला कालच कळलं होतं आणि ती चाचरत बोलत होती. मग म्हणाली, विचारू नये, पण विचारते. त्यांनी माझ्या गाडीचं लॉक चाक उचलून बघितलं होतं. आता पावसाळ्याआधी वर जायचंय. लोक काहीबाही बोलतात, त्यांच्या स्वतःच्या गाडीबद्दल. मी त्यांच्या शब्दावर जाऊ ना?

आईने नळ बंद केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"नका जाऊ," आई म्हणाली. "दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या, बाई. चाक उचललं म्हणायचे ते. पण उचलायचेच असं नाही."

मला दिसलं, ती गाडी आणि तिच्यासारख्या किती तरी. तीस वर्षांत बाबांनी पोतं अंथरून, पाठीला चिखल लावून पास केलेली एकेक गाडी कोणीतरी आता पुन्हा संशयाने बघणार होतं. आणि हे त्यांच्याबद्दल त्यांच्याच घरातून सांगितलं गेलं होतं.

"आई," मी म्हणाले. आवाज फोनपर्यंत जाईल एवढा मोठा निघाला, आणि मी तो कमी केला नाही. "बाबा खोटं बोलले नाहीत. चाक त्यांनी उचललं होतं. नेहमीसारखंच, दगड लावून, जॅकवर. फिरवून बघायचं काम माझं होतं. ते आत बसले होते आणि त्यांनी मला विचारलं, फिरतंय का. मी फोनवर होते. मी नुसता हात टेकवला होता, आई. मी ते फिरवलंच नाही, आणि त्यांना नाही म्हणून सांगितलं."