बावन्न किलो

मोगाकाचं वजन सलग तिसऱ्यांदा बावन्न किलो भरलं, तेव्हा बोसिबोरीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चढणारच. नवऱ्याला अन्ननलिकेचा कॅन्सर, दोनदा ते जहाल औषध सलाइनमधून अंगात गेलेलं, आणि वजन जागचं हललेलं नाही. असं त्या इस्पितळाच्या बाकड्यावर कोणी पाहिलं होतं? बाकीचे पेशंट दर खेपेला उंदरानं कुरतडल्यासारखे कमी होत होते.

"कमाल आहे, आई. काय खायला घालता त्यांना?" सिस्टर जेरोपनं काट्यावरून नजर न काढता विचारलं.

आता बोसिबोरीला असं विचारायचं म्हणजे झालंच. तिनं बाकड्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. नाचणीची आंबील करायची, दोन दिवस आंबवलेली. त्यात शेंगदाण्याचं वाटण, पिकलेला अव्होकाडो कुस्करून, अर्धं अंडं आणि वरून आंबट दूध. पेला लहान घ्यायचा, दर दोन तासांनी द्यायचा. "हवं का?" असं चुकूनही विचारायचं नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं. चूल लांब मांडायची, नाहीतर नुसत्या वासानं पोटात ढवळतं. आणि चमचा लाकडाचा, कारण या औषधानं तोंडाला आधीच लोखंडाची चव आलेली असते.

शाळेत शिकवणाऱ्या न्याबोकेनं हे सगळं वहीत उतरवून घेतलं. तिची आई केरुबो पोटाच्या कॅन्सरनं नुसता सापळा उरली होती. पुढच्या खेपेला केरुबोचं वजन टिकलं. ओंबाती सुताराचंही टिकलं. मग काय विचारता! न्याबोकेनं बोसिबोरीचे दोन्ही हात धरून आभार मानले, आणि बाकड्यावर त्या आंबिलीला "बोसिबोरीची आंबील" असं नावच पडलं.

मोगाका हे सगळं ऐकत कोपऱ्यात बसायचा. गुडघ्यापर्यंतचा जाड कोट, हल्ली घरातही अंगावरून न उतरणारा, मान खाली. सव्वीस वर्षं त्यानं डोंगरावरच्या चहा खरेदीच्या ठाण्यावर पानं मोजली होती. बायका पाठीवरून टोपल्या आणायच्या, हा काट्याला लावायचा. कोणी तळाशी दगड घाली, कोणी पानांवर पाणी मारी. मोगाका कोपरापर्यंत हात घालून नेमका दगड बाहेर काढायचा, सगळ्यांसमोर टेबलावर ठेवायचा आणि शांतपणे विचारायचा, "ताई, हे पान कुठल्या झाडाचं?" सख्ख्या सासूलाही त्यानं सोडलं नव्हतं. ती पुढे दोन वर्षं जावयाशी बोलली नाही.

चौथ्या औषधानंतर मात्र तो पार खचला. तोंडभर फोड आले, ताप अकरा दिवस हटला नाही, अंगणातून घरात यायलाही भिंत धरावी लागे. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद बघून कपाळाला आठ्या घातल्या. "वजन तर चांगलं आहे. मग रक्त एवढं खाली का जातंय?" बोसिबोरीनं यावर एकच केलं. आंबिलीत अर्ध्याऐवजी अख्खं अंडं घालायला लागली. पेला केळीच्या बागेत नेऊन, वाऱ्यावर बसून प्यायला बरं वाटतं, असं मोगाका म्हणायचा. पेला रिकामा परत यायचा. कोंबड्याही हल्ली अंगानं चांगल्या भरल्या होत्या, पण तिकडे कोण बघतंय?

पाचव्या औषधाच्या दिवशी ते सकाळच्या मटाटूनं निघाले. गाडीत नेहमीसारखे दाटीवाटीनं कोंबलेले. उताराच्या वळणावर ड्रायव्हरनं गचकन ब्रेक मारला आणि मोगाका तिच्या अंगावर कोसळला. तिनं त्याला कमरेला धरून सावरलं, आणि तिचा हात तिथंच थिजला. कमरेभोवती काहीतरी टणक होतं, पुढून पाठीमागं, वेढा घातल्यासारखं.

दुखणं पोटात पसरलं, असंच तिला वाटलं. उरलेला रस्ता ती त्याचा दंड घट्ट धरून बसली.

इस्पितळाच्या फाटकाशी उतरल्याबरोबर तिनं त्याला केळीवालीच्या टपरीमागं ओढलं. "कोट काढा."

"थंडी वाजतेय."

"केमुन्टोचे बाबा, कोट काढा म्हणते ना."

त्यानं काढला नाही. तिनंच बटणं सोडली, सदरा वर केला. आत जुन्या चादरीची शिवलेली लांबट पिशवी कमरेला गुंडाळलेली होती. दोन तशाच पिशव्या मांड्यांना बांधलेल्या. टाक्याटाक्यातून बारीक वाळू सांडत होती. आणि पिशवीच्या वर, जिथं माणसाची छाती असते, तिथं नुसत्या फासळ्या होत्या. तीस वर्षं जे अंग तिनं पाहिलं होतं, ते हे नव्हतंच.

"दगड टोचतात," मोगाका म्हणाला. जणू एवढंच सांगायचं राहिलं होतं. "वाळू अंगासारखी बसते. वाजत नाही."

"किती आहे?"

"आधी तीन किलो होती. आता आठ."

बोसिबोरी तिथंच मातीत बसली. "आणि माझी आंबील?"

"घशाखाली उतरत नाही गं. थेंबही उतरत नाही. तू इतकी मरमर करायचीस, तुला कोणत्या तोंडानं सांगू?"

"म्हणून मला उल्लू बनवलंत? मी जगाला शिकवत सुटले होते."

"ओगेटो आठवतो?" त्यानं विचारलं. ओगेटो बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसायचा. "वजन उतरलंय, आधी भरून या, म्हणून त्याला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा तो आला का? त्याचं मयतच झालं. मला परत जायचं नाहीये. आता दोनच औषधं राहिलीत. तेवढी घेऊ दे. नंतर तू म्हणशील ते खाईन."

तिला त्याचा राग आला, इतका की दोन थोबाडीत द्याव्यात. आणि त्याच वेळी वाटलं, खरं सांगितलं आणि परत पाठवलं तर? ओगेटोच्या बायकोचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. तिनं सदरा खाली केला, बटणं लावली आणि त्याला धरून आत नेलं. गप्प राहायचं ठरवलं तिनं. हे तिनं स्वतः ठरवलं, कोणी भाग पाडलं नाही.

काटा बावन्नवर थांबला. "शाब्बास, बाबा," सिस्टर जेरोप म्हणाली. तिनं आकडा लिहिला आणि लगेच कॅल्क्युलेटरवर बोटं चालवायला लागली.

काहीतरी बोलायचं म्हणून बोसिबोरीनं विचारलं, "हा कसला हिशेब?"

"औषधाचा. उंची आणि वजन बघून किती द्यायचं ते काढतात. बावन्नच्या माणसाचं औषध चाळीसच्या माणसाला दिलं तर त्याला ते झेपेल का? विषच ते."

बोसिबोरीला एकेक आठवलं. अकरा दिवसांचा ताप, ते फोड, भिंत धरून चालणं. तिनं मोगाकाकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं. सव्वीस वर्षं वजनावर जगलेला माणूस, आणि वजन कशासाठी घेतात हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. ठाण्यावर जास्त वजनाला जास्त पैसे मिळतात, एवढंच त्याला ठाऊक. इथं जास्त वजनाला काय मिळत होतं, ते त्याच्या अंगात भिनून बसलं होतं.

"खोटं आहे ते वजन," बोसिबोरी म्हणाली. "सिस्टर, लिहिलेलं खोडा. त्यांच्या अंगाला वाळू बांधलीय."

सिस्टर जेरोपनं पेन खाली ठेवलं. मोगाकानं कोटाची बटणं काढली, आत हात घालून पिशव्या सोडल्या. काट्यावर पुन्हा चढला. चव्वेचाळीस.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्या रागावल्या नाहीत, आणि त्यानंच बोसिबोरीला जास्त भीती वाटली. आज औषध नाही, म्हणाल्या. आधी दाखल करायचं, पोटात नळी घालून अन्न द्यायचं, अंग सावरलं की पुढचं बघू. "घशाखाली उतरत नाही, एवढं सांगितलं असतं तर ही नळी कधीच घातली असती, बाबा. आम्ही हाकलून देण्यासाठी वजन घेत नाही."

"ओगेटोला पाठवलंत," मोगाका म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी दाखल करायचा कागद पुढे ओढला आणि भरायला घेतला.

मोगाका भिंतीला टेकून बसला होता. त्याची नजर उघड्या दारातून बाहेरच्या बाकड्याकडे गेली आणि तिथंच खिळली. बोसिबोरीनंही तिकडे पाहिलं. ऊन चढलं होतं, तरी बाकड्यावरचा प्रत्येक पेशंट शाली, कोट, चादरी लपेटून बसला होता. ओंबाती सुताराचं पोट चक्क सुटलेलं दिसत होतं.

"तुम्ही कोणाला शिकवलंत का हे?"

त्यानं तोंडावरून हात फिरवला. "ते विचारायचे, तुझं वजन कसं टिकतं. तू आंबील सांगायचीस. त्यांना ती उतरत नव्हती."

"किती जणांना?"

"ज्यांनी विचारलं त्यांना."

बोसिबोरी उठली. बाहेर गेली. बाकड्यासमोर उभी राहिली, आणि नेहमीसारखा मोठा आवाज काढायला गेली तर घोगराच निघाला. "औषध वजनावर मोजतात," ती म्हणाली. "जेवढी वाळू तेवढं विष. यांनी तुम्हाला जे सांगितलं ते सोडा. आत्ता सोडा."

कोणी हललं नाही. ओंबाती जमिनीकडे बघत राहिला. आपली जागा जाईल, घरी पाठवतील, हेच सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. आणि बोसिबोरीला कळत होतं, टपरीमागं तीही याच भीतीनं गप्प बसली होती.

मग म्हाताऱ्या केरुबोनं शालीखाली हात घातला. गाठ तिला सुटेना. बोसिबोरी खाली वाकली आणि तिनं सोडली. पिशवी फरशीवर धप्पकन पडली, आणि पलीकडे ओंबातीही आपल्या कमरेशी चाचपू लागला.

न्याबोके आईच्या शेजारीच बसली होती. तिच्या मांडीवर ती वही होती. आधी तिला काही समजलंच नाही. मग ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे माझी आई जेवत नव्हती?"

"नाही गं," बोसिबोरी म्हणाली. "माझा नवराही जेवत नव्हता."

तिनं केरुबोला बगलेत हात घालून उठवलं. अंगात काहीच वजन नव्हतं, लहान पोर उचलावं तशी ती उचलली गेली. दोघींनी मिळून तिला आत नेलं आणि काट्यावर उभं केलं. काटा अडतीसवर थांबला. सिस्टर जेरोपनं तो आकडा लिहिला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला हाक मारली.