उसासे टाकणारा व्हॉल्व्ह

मी एका जुन्या बसच्या पोटाखाली राहणारा, मुठीएवढा व्हॉल्व्ह आहे. मित्रांनो, तुम्ही बसमध्ये कितीदा तरी बसला असाल, पण मला कधी पाहिलं नसेल. बस थांबली, माणसं उतरली आणि खालून 'फुस्स' असा आवाज आला, तर तो बहुधा माझ्याच जातभाईचा असतो.

माझ्या बसला धक्के झेलणारे लोखंडी पाटे नाहीत. त्यांच्या जागी चाकांजवळ जाड रबराचे फुगे आहेत. त्यांत दाबलेली हवा असते आणि बसचं सगळं ओझं त्या हवेवर तोललेलं असतं. मागच्या फुग्यांत किती हवा असावी, हे मी ठरवतो. माझं अंग बसच्या सांगाड्याला घट्ट बसवलेलं आहे आणि माझा एकुलता एक हात एका दांडीने खाली चाकांच्या आसाला जोडलेला आहे. माणसं चढली की बस दबते, माझा हात वर ढकलला जातो आणि मी फुग्यांसाठी ठेवलेल्या टाकीतली हवा त्यांत सोडतो. माणसं उतरली की बस वर उचलली जाते, हात खाली ओढला जातो आणि मी फुग्यांतली जास्तीची हवा बाहेर टाकतो. बस ठरल्या उंचीवर आली की दोन्ही वाटा बंद. ती उंची वाढवायची असेल, तर दांडी थोडी लांब करायची.

स्वस्थ बसणं माझ्या नशिबात नाही. प्रत्येक खड्ड्यात हात हलतो. पण खड्ड्याचा धक्का क्षणात सरतो, त्याला उत्तर द्यायचं नसतं. टिकून राहिलेल्या वजनालाच द्यायचं असतं. म्हणून मला मुद्दाम थोडं मंद घडवलं आहे. आत सारखी चुळबुळ आणि तरी थांबायचं, असा माझा जन्म.

माझी उमेदीची वर्षं सिन्नरला गेली. तिथल्या एका कारखान्याच्या माणसांना आमची बस नाशिकहून ने-आण करायची. सकाळी माणसं इतकी गाढ झोपायची, की गेटवर त्यांना हलवून उठवावं लागे. ती झोप मी माझं कौतुक समजायचो. पुढे कारखान्याने नव्या बस घेतल्या आणि आमची बस नाशिक-सुरगाणा रस्त्यावर आली. सहादू नावाच्या ड्रायव्हरने माझी दांडी दोन बोटं लांब करून घेतली, कारण तिकडचे गतिरोधक उंच. डोंगरातली माणसं आमच्या बसला 'पाण्यावरची गाडी' म्हणू लागली.

मग सहादूने नोकरी सोडली आणि भारत आला. भारतने सारी उमर जीप चालवलेली. थांबा आला, मी फुस्स केलं, की तो दचकायचा. या बसचे ब्रेकही हवेवरच चालतात, एवढं त्याला माहीत होतं. तीच हवा गळतेय आणि पुढे घाट आहे, असं त्याला वाटायचं. एके दिवशी त्याने माझ्या हवा सोडायच्या तोंडात सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबला आणि वरून तार आवळली. आवाज बंद झाला. भारत निर्धास्त झाला आणि माझा जीव कासावीस. मला आता हवा भरता येत होती, सोडता येत नव्हती.

त्यानंतर दोनच दिवसांनी मालनबाई आपल्या नवऱ्याला, कोंडाजीला, घेऊन नाशिकला बसमध्ये चढली. तो आंब्याच्या झाडावरून पडला होता, मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. घरी न्या, पण पाठीला हिसका बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"म्हणून तुझ्या गाडीची वाट पायली रे भारत," ती म्हणाली. "जीपनं नेलं असतं तर हाडं गोळा करावी लागली असती."

"जीपला नावं ठेवू नका मावशी, माझी अन्नदाती हाय ती."

"मंग सोडली कशाला?"

कोंडाजीला शेवटच्या लांब सीटवर निजवलं, बरोबर माझ्या वर. बस गच्च भरलेली होती, त्यामुळे फुग्यांतली हवा वजनापुरतीच होती आणि बस मऊ चालली. पण दिंडोरीला बरीच माणसं उतरली. बस वर उचलली गेली, माझा हात खाली ओढला गेला. मी हवा सोडू पाहिली. तोंडात ट्यूब. वणीला बहुतेक बस रिकामी झाली आणि फुगे ताणून दगडासारखे झाले. बस वर जाता येईल तेवढी गेली होती. आता साध्या खडीचाही ठोका थेट सीटपर्यंत पोचत होता. कोंडाजी दात आवळून छताकडे पाहत होता. अजून घाट बाकी होता, आणि मला ओरडायलाही तोंड नव्हतं.

मालनबाई त्याच्यासाठी चहा आणायला उतरली. मागच्या चाकाजवळच दार आहे. परत चढताना तिचा पाय पायरीला अडला.

"भारत, नाशकात ही पायरी माझ्या गुडघ्याखाली व्हती. आता वर कशी गेली?"

"रस्ता खालीवर असल, मावशी."

"रस्ता नाय, गाडी फुगलीय. माणसं उतरली तशी फुगत चाललीय. आमची म्हैस हवा धरती तवा अशीच टम्म व्हती. कुठं तोंड बांधलं का काय तिचं?"

 भारत चाकामागे गेला आणि त्याने वाकून पाहिलं.

"मीच बांधलंय," तो म्हणाला. "आवाज यायचा. मला वाटलं, ब्रेकची हवा जाते."

"मंग सोड की. आत माणूस मरायला टेकलंय."

बस खाली बसेल म्हणून त्याने अंग बाहेर ठेवलं, नुसता हात घालून तार सोडवली आणि तुकडा ओढला. मित्रांनो, त्या दिवशी मी टाकलेला उसासा वणीच्या स्टँडवरच्या कुत्र्यांनीही मान वळवून ऐकला. बस हळूहळू चार बोटं खाली आली. भारत धावत आपल्या सीटपाशी गेला आणि ब्रेकच्या हवेच्या काट्याकडे पाहत राहिला. काटा हलला नाही. मी टाकतो ती फुग्यांतली शिळी हवा. ब्रेकच्या हवेला मी हात लावत नाही.

"गाडी निजली का काय?" आतून कोंडाजीने विचारलं.

"निजली," मालनबाई म्हणाली. "तुमी बी निजा."

घाटात माझ्या मनात धाकधूक होती. ट्यूबचा एखादा तुकडा आत राहिला असेल का, ऐन वेळी तोंड अडकेल का? वळणांमागून वळणं गेली. घाटमाथ्यावर पोचण्याआधी वरच्या सीटवरून घोरणं ऐकू आलं. सिन्नरनंतर इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

आता माझा हात सांध्यात झिजला आहे, दांडी खुळखुळते. कधी बदलतील, भंगारात टाकतील, या विचाराने चैन पडत नाही. पण थांबा आला आणि मी फुस्स केलं, की भारत आधी काट्याकडे पाहतो आणि मगच गिअर टाकतो.

मित्रांनो, तुमच्या घरात, गाडीत, गोठ्यात कुणी आवाज करू लागलं, तर त्याचं तोंड बांधण्याआधी खाली वाकून एकदा बघा. तेवढंच मागणं आहे. आता थांबा आला, माणसं उतरतायत. मला श्वास सोडू द्या.