भाग जात नाही

...नऊ, नऊ, चार, शून्य, शून्य, नऊ — चाकाच्या खुर्चीच्या पाठीवरची क्रमांकाची ती बोटभर पट्टी शुभदा ओल्या फडक्याने पुसत होती आणि मनात नऊशे त्र्याऐंशीने भागत होती. बाकी उरली. भाग जात नव्हता.

आनंदला पक्षाघात झाला, वागळे इस्टेटमधली नोकरी सुटली, डोंबिवलीच्या या दोन खोल्यांत ही खुर्ची आली, तेव्हापासून हेच चाललं होतं. हजाराच्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येने त्या आकड्याला भागून पाहायचं — त्याला पेज भरवताना, कुशीवर वळवताना... एकीनेही भाग गेला नाही तर ती मूळ संख्या, अभंग. कधीकाळी ती कॉलेजात हेच शिकवायची. ते त्याच्या आजारपणात सुटलं.

सकाळी लेकीचा, क्षिप्राचा, फोन आला होता. ठाण्याच्या कॉलेजात शिकवायची जागा होती, बाबांसाठी बाई ठरवता येणार होती. "आई, आज काय ते सांग." संध्याकाळी सांगते, म्हणाली होती ती. संध्याकाळपर्यंत कशासाठी?

नऊशे एक्याण्णव. बाकी छत्तीस. आता एकच उरली, नऊशे सत्त्याण्णव... आणि भाग गेला. बाकी शून्य. उत्तरही नऊशे सत्त्याण्णवच. म्हणजे वर्ग! हजार उणे तीन, त्याचा वर्ग — दहा लाखांतून सहा हजार गेले, वर नऊ. एखाद्या विद्यार्थ्याने हे पाहिलं नसतं तर तिने त्याला उभं केलं असतं.

फडकं थांबलेलं पाठमोऱ्या आनंदलाही कळलं.

"निघालं?" त्याने जड जिभेने विचारलं.

"वर्ग आहे."

"नऊशे... सत्त्याण्णवचा."

ती वळून त्याच्यासमोर आली. "तुम्हाला माहीत होतं?"

"खुर्ची आली तेव्हाच."

"मग सांगितलं का नाही?"

तो खिडकीच्या गजांकडे बघत राहिला. "संपलं असतं ना," म्हणाला.

आत फोन वाजू लागला. क्षिप्राच असणार. राग यायला हवा होता, तो येईना. याने अडकवून ठेवलं मला, असं म्हणून पाहिलं, पण ते वाक्य धरेना... पहिल्या दिवशी तो आकडा वाचताना माझे डोळे क्षणभर थबकले होते — थबकले होते ना? — आणि मग, शेवटचा अंक ढळढळीत विषम, नऊ, दिसत असताना, मी दोनपासून भागायला सुरुवात केली होती.