सरळ निघालेली खुंटी

ठण्ण! पहिली रबरी चकती माझ्या खांबावर आदळली, तो आवाज अजून माझ्या अंगात आहे. मी होर्नी ब्रोद गावच्या आइस हॉकीच्या रिंकमधला गोलपोस्ट. साखर कारखान्याचे जुने पाइप जोडून एका वेल्डरने मला उभं केलं. त्याच हिवाळ्यात प्रशिक्षक ओताकार यांनी सात पोरं गोळा करून संघ काढला. आज ते म्हातारे झालेत, मीही गंजलोय.

हिवाळ्यात बर्फाला भोकं पाडून लोखंडी खुंट्या ठोकतात आणि त्यांवर मला बसवतात. बर्फ वितळला की खालचं काँक्रीट उघडं पडतं, पोरं चाकांचे स्केट बांधतात. तेव्हा खुंट्या नसतात, मी नुसता टेकलेला. गोलरक्षक मला कोपराने हवा तसा सरकवतात आणि सगळे हसतात. ओताकार मात्र दरवर्षी बजावतात, "उन्हाळ्याची खोड बर्फावर आणू नका."

आज मोसमातला शेवटचा सामना झाला. हरलो तर कुमार संघ मोडणार आणि पोरं शेजारच्या गावच्या संघात जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बरोबरी पुरेशी होती. दोन-दोन गोल झाले होते आणि शेवटचं मिनिट चालू होतं. पाहुण्यांच्या पोराने चकती मारली. आमचा गोलरक्षक रादिम आडवा पडला होता. त्याचं कोपर माझ्या खालच्या दांडीखाली गेलं आणि मी उचलला गेलो. मग चकती आत आली. धडकेने माझी जागा हलली असं समजून पंचांनी गोल दिला नाही. गोलरक्षकाने मुद्दाम हलवलं असेल, तर मात्र गोल धरतात.

"तुझा उन्हाळा संपला नाही का रे अजून?" जाताना तो पोरगा रादिमला म्हणाला.

संघ वाचला की माणसं फार मोठ्याने बोलतात. आता सगळी लिंबाचा चहा प्यायला गेलीत. मी तिरकाच उभा आहे. मला कितीही धडका द्या, त्यासाठीच मी आहे. उचलू मात्र नका.

ओताकार हातोडी घेऊन खुंट्या काढायला आले. उजवी खुंटी त्यांनी उजेडात फिरवून पाहिली, ती सरळच होती. त्यांनी रादिमला हाक मारली.

"गोलपोस्ट धडकेने निघाला असता, तर ही वाकली असती."

"सर, संघ राहिला ना पण?"

"राहिला."

ते त्याच्यावर रागावले नाहीत. त्यांनी खुंटी माझ्या दांडीवर ठेवली आणि ते डाव्या खुंटीपाशी वाकले. पंचांच्या खोलीत अजून दिवा होता, सामन्याच्या निकालाच्या कागदावर सही व्हायची होती.

रादिमने खुंटी उचलली आणि तो पंचांच्या दाराकडे निघाला.