हसायला मनाई असलेलं स्टूल

मित्रांनो, आधी एक कबुली देऊन टाकतो. माझ्यावर आजवर हजारो माणसं बसून गेली, पण परवापरवापर्यंत त्यांतलं एकही हसलेलं नव्हतं. मी आखाती देशातल्या रुमैथिया भागातल्या एका फोटो स्टुडिओतलं जुनं लोखंडी स्टूल. गोल बैठक, तीन पाय, खाली पाय टेकायला एक कडं. माझ्यावर बसायचं ते सिव्हिल आयडीच्या म्हणजे इथल्या सरकारी ओळखपत्राच्या, पासपोर्टच्या नाहीतर व्हिसाच्या फोटोसाठी. आणि तिथे हसलात की फोटो परत!

माझा जन्म शुवैखच्या कारखान्यांच्या वस्तीतला. तिथे एका गॅरेजशेजारी महबूब नावाचा वेल्डर होता. त्याने मला फिरतं बनवलं. काय ऐट होती तेव्हा माझी! नुसतं बोट लावलं की गरागरा फिरायचो. पण स्टुडिओत आलो आणि पहिल्याच आठवड्यात फोटोग्राफर हरिश्चंद्रकाकांनी माझ्या मानेतून आरपार बोल्ट ठोकला. लहान मुलं गोल फिरत बसायची आणि फोटो हलायचा. काकांचं चुकलं नव्हतं म्हणा, पण मला राग आला तो आलाच.

काका मूळचे चिपळूणचे. माणूस सोन्यासारखा, पण कॅमेऱ्यामागे उभा राहिला की हवालदार. "हनुवटी वर. कान दिसू देत. दात नको. हलू नको." वीस वर्षं हेच पालुपद. हिंदीत तेच आणि मोडक्यातोडक्या अरबीतही तेच. पुढे लोक घरच्या घरी मोबाइलवर फोटो काढू लागले. गिऱ्हाईक रोडावलं, आणि माझ्यावर कागदाचे खोके चढले. ज्याच्यावर माणसं बसायची त्याच्यावर खोके! कुणी साधं फडकंसुद्धा मारत नव्हतं.

ते खोके उतरले अंतरामुळे. अंतरा बारावीतली. तिची शाळा दर वर्षी बारावीच्या मुलांची स्मरणिका काढते. त्यात प्रत्येकाचा मोठा फोटो आणि खाली नाव. फोटो गुरुवारपर्यंत द्यायचा होता. नाही दिला तर नावावर रिकामा चौकोन. तिची आई राजश्री इथल्याच एका हॉस्पिटलात नर्स आहे. रविवारी तिने लेकीला जवळजवळ ओढतच आणलं.

पोरीचं दुखणं असं होतं. दहावीत असताना एका सकाळी तिच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. औषधांनी आणि व्यायामाने खूप सुधारली, पण हसताना ओठांचा डावा कोपरा मागे राहायचा. उजवा वर गेला की मग तो सावकाश यायचा. तेव्हापासून वर्गाच्या प्रत्येक फोटोत ती कुणाच्या तरी पाठीमागे उभी. आणि तरीसुद्धा हा फोटो तिला हवा होता बरं का! महिनाभर ती आरशासमोर अर्धं तोंड मिटून हसायचा सराव करत होती. आईनेच हळूच काकांना सांगितलं.

पहिल्या दिवशी सगळंच बिघडलं. आईने तिला पार्लरमधून आणलं होतं. केस इस्त्री केल्यासारखे आणि नवा ड्रेस असा की कॉलर मानेला टोचतेय. ती माझ्यावर बसली ती श्वास कोंडून. काकांनी सवयीप्रमाणे सुरू केलं, "हनुवटी वर. हलू नको." वीसेक फोटो झाले. अंतराने स्क्रीनवर पाहिलं.

"आय लुक लाइक अ सिव्हिल आयडी," ती म्हणाली. "आई, लीव्ह इट ब्लँक."

"ब्लँक काय ब्लँक!" आईचा आवाज चिरकला. "बारा वर्षं शाळेत गेलीस ती रिकाम्या चौकोनासाठी?"

पोरीने मान खाली घातली. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! तिच्या बोटांनी माझ्या बैठकीची कड घट्ट धरली होती.

काकांनी कॅमेरा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "वहिनी, चूक पोरीची नाही. वीस वर्षं मी माणसांचे पुतळे करत आलोय. मला मंगळवारपर्यंत वेळ द्या." मग अंतराकडे वळून म्हणाले, "तू पार्लर सोड. जो कुर्ता घालून तू घरी तासन्‌तास बसतेस ना, तोच घालून ये. आदल्या दिवशी केस धू आणि पोटभर झोप. आणि आरशासमोरचा सराव आजपासून बंद!"

त्या गेल्यावर काकांनी हातोडी घेतली आणि माझ्या मानेतला बोल्ट काढला. वीस वर्षांनी! गंजलेला होता, पण काका हट्टाला पेटले होते आणि मीही.

मंगळवारी अंतरा जुन्या हिरव्या कुर्त्यात आली. काका या वेळी हवालदार नव्हते. "पाय कड्यावर टेक. आधी खांदे वळव, मग माझ्याकडे बघ. क्लिकच्या आधी श्वास सोडून दे." तिने खांदे वळवले, मी फिरलो, आणि माझ्या गंजक्या मानेतून असा आवाज निघाला की विचारू नका. रेडकू हंबरावं तसा!

"ते स्टूल हो," काका घाईघाईने म्हणाले. "मी नाही."

अंतरा खळखळून हसली. तोंडावर हात न घेता, डावा कोपरा मागून येत असताना. क्लिक! मित्रांनो, माझ्यावर बसून हसलेलं ते पहिलं माणूस. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

पण खोड जाते का कधी? स्टुडिओवाल्यांची एक रीत असते. फोटो जसा आहे तसा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. मुरूम पुसायचे, रंग उजळायचा, टाय नसलेल्याला टाय लावायचा. काकांनी मोठ्या प्रेमाने संगणकावर अंतराच्या हसण्याचा उजवा अर्धा भाग उचलला आणि उलटा करून डावीकडे बसवला. आणि तो मूळ फोटोवरच साठवला. मला तेलही पाजलं. भलतेच खूश होते.

बुधवारी संध्याकाळी मायलेकी आल्या. "अगंबाई, किती गोड!" राजश्रीचे डोळे भरून आले. अंतरा मात्र बघतच राहिली.

"ही कोण?"

"तूच की गो. जरासं सरळ केलंय."

"मला न विचारता?" एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी पोरगी चक्क मराठीत म्हणाली, "काका, माझं तोंड मला परत द्या."

काकांनी सगळी फोल्डरं धुंडाळली. मूळ फोटो कुठेच नव्हता. ते डोक्याला हात लावून बसले. "चुकलो गो बाय. माया करायला गेलो, आणि तुलाच पुसून बसलो."

"राहू दे ना, अंतरा," आई समजावू लागली. "छान तर आलाय. आणि उद्या शेवटचा दिवस."

"खाली माझं नाव असणार आहे, आई. मग वर मीच असणार." तिने दप्तर खाली ठेवलं. "काका, कॅमेरा घ्या."

ती शाळेच्या गणवेशातच माझ्यावर बसली. केस दिवसभराचे विस्कटलेले. मला वाटलं, आता आपणच काहीतरी केलं पाहिजे. पण तेल प्यायलेलं माझं अंग हूं की चूं करेना. यापुढे सगळं तिचं तिलाच करायचं होतं. तिने पाय कड्यावर टेकले, खांदे वळवले आणि श्वास सोडला. काका म्हणाले, "हनुव..." आणि उरलेलं त्यांनी गिळून टाकलं.

"मी सांगेन तेव्हाच," अंतरा म्हणाली.

ती हसू लागली. उजवा कोपरा वर गेला. सवयीने काकांचं बोट बटणावर गेलं, पण त्यांनी ते आवरलं. आई श्वास रोखून उभी. डावा कोपरा निघाला, सावकाश, त्याला जमेल तसा, आणि पोचला.

"आता," अंतरा म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही फोटोचा दिवस येईल. अंगवळणी पडलेले कपडे घाला, नीट झोपा, श्वास सोडा. आपला चेहरा जपा, पण तो कुणाला दुरुस्तीला देऊ नका. आणि कॅमेरा कितीही मोठ्या माणसाच्या हातात असला, तरी 'आता' तुम्हीच म्हणा.