लिंबाजीकाकांच्या उशाचा ओंडका

दगड कापायच्या मशीनचं नवं पातं हिंगोलीहून घेऊन देविदास कनेरगाव नाक्याला उतरला, तेव्हा शेजारचे लिंबाजीकाका गेल्याचं त्याला कळलं. तो पिशवीसकट थेट स्मशानात गेला.

सरण पेटलं होतं. माणूस गेलं की गावात घरोघरून लाकूड येतं, तसं आलं होतं. पण उशाला लावलेला ओंडका दिसला आणि देविदास दोन पावलं पुढं सरकला. तो त्याचा होता. ओढ्यात सापडलेला, लाखो वर्षांत लाकडाचा दगड झालेला! एक टोक त्यानं कापून, घासून मधासारखी वलयं उघडी केली होती.

"तुह्याच पडवीतून आणला," लाकडं गोळा करणाऱ्यांतला प्रल्हाद हळूच म्हणाला. "ओली बाभूळ दिसते. चौघांना उचलेना."

गाढवांनो, दगड कळेना व्हय तुमाला, असं ओरडावंसं वाटलं. पण पेटल्या सरणापुढं त्यानं नुसती पात्याची पिशवी छातीशी धरली.

इतक्यात उशाकडून फाडकन आवाज झाला.

"फुटली कवटी," कुणीतरी म्हणालं. ती फुटेपर्यंत कुणी हलत नाही, ही रीत. सगळ्यांनी हात जोडले, काकांच्या पोरानं डोळे पुसले आणि मंडळी अंघोळीला निघाली.

देविदास मागंच राहिला. ओंडक्याच्या दोन फाका झाल्या होत्या आणि त्यांच्यावरची वलयं लालबुंद चमकत होती.

मंडळी पार दिसेनाशी झाल्यावर सरणातून दुसरा आवाज आला. हा काकांच्या कवटीचा होता, आणि ऐकायला देविदासशिवाय कुणीच उरलं नव्हतं.